दिवसभर टेबलापाशी, चित्र मात्र दीड तास

*प्रिय ताई,*

*तीन वर्षांपूर्वी जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून मी पूर्णवेळ चित्रकार झाले. मुलांच्या पुस्तकांची चित्रं, मासिकांची कामं, कुणी सांगितलं तर व्यक्तिचित्रं, असं सगळं करते. कामं मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण काल सकाळी ९ ते रात्री ९ मी टेबलापाशी होते आणि प्रत्यक्ष चित्र काढलं ते जेमतेम दीड तास. बाकीचा वेळ कुठे गेला? एका ग्राहकाचा ‘थोडासा बदल’, दुसऱ्याला तीच फाईल वेगळ्या मापात हवी होती, दोन महिने थकलेल्या बिलासाठी तिसरा निरोप, एक कोटेशन, स्कॅनरची कटकट.*

*माझं स्वतःचं एक पुस्तक डोक्यात आहे. शब्दांशिवायची चित्रगोष्ट, दीपगृहावर राहणाऱ्या एका मुलीची. नवव्या पानापर्यंत आराखडा झाला आणि दीड वर्ष तिथेच अडकलाय. रात्री बसले तर मूड लागत नाही, सकाळी वेळ नसतो. नवरा म्हणतो, “आवडीचं काम करायला मिळतंय, मग रडतेस कशाला?” त्याचंही अगदीच खोटं नाही. आता एका प्रकाशनसंस्थेकडून आठवड्यातून तीन दिवसांच्या नोकरीसाठी विचारणा आली आहे. घेतली तर हरल्यासारखं वाटेल, नाही घेतली तर पुढच्या महिन्याची धास्ती आहेच. माझ्यात शिस्तच कमी आहे का? की या धंद्याला मी लायकच नाही?*

*— दमलेली चित्रकार*

प्रिय मैत्रिणी,

तू ताई म्हटलंस, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

शिस्त नसलेली माणसं बारा-बारा तास टेबलापाशी बसत नाहीत, तेव्हा तो प्रश्न इथेच मिटवू. तुझ्या पत्रातली गंमत सांगू? “बाकीचा वेळ कुठे गेला?” असं तू विचारतेस आणि लगेच पुढच्या ओळीत त्याचा चोख हिशेब देतेस. म्हणजे वेळ कुठे गेला हे तुला पक्कं माहीत आहे. फक्त त्या साडेदहा तासांना काम म्हणायला तू तयार नाहीस. चित्र काढलं तेवढंच काम, उरलेली सगळी वाटेतली अडगळ, अशी वाटणी तू मनाशी करून ठेवली आहेस. तुझे दर, तुझा दिवस कसा लागतो ते, आणि रात्री स्वतःवर येणारा राग, हे सगळं मला त्या वाटणीतूनच आलेलं दिसतं.

नोकरीत होतीस तेव्हा बिल अकाउंट्सवाले काढायचे. ग्राहकाला झेलायला वेगळा माणूस होता. स्कॅनर बिघडला की कुणाला तरी हाक मारली की झालं. तू राजीनामा दिलास आणि ती सगळी कामं गुपचूप तुझ्या टेबलावर आली, पण दर ठरवताना तू अजूनही फक्त चित्रकाराचा पगार मागते आहेस. मी इतकी वर्षं पुस्तकांची मांडणी करत आले, या धंद्यातली बरीच माणसं जवळून पाहिली. टिकली ती सगळी फार प्रतिभावान होती असं छातीठोक सांगता येणार नाही. पण पत्रव्यवहार, पाठपुरावा, हिशेब, फायली लावणं हा आपल्या कामाचा भाग आहे हे त्यांनी केव्हातरी मान्य केलं होतं, आणि त्याचे पैसेही लावले होते.

हे दुखणं आजचं नाही. आल्ब्रेख्ट ड्यूरर हा न्यूरेंबर्गचा चित्रकार, हयातीतच युरोपभर नाव झालेला. फ्रँकफुर्टच्या याकोब हेलर नावाच्या व्यापाऱ्याने त्याला चर्चमधल्या वेदीसाठी मोठं चित्र सांगितलं. ठरले १३० फ्लोरिन, म्हणजे तिथली तेव्हाची सोन्याची नाणी. काम वाढत गेलं, रंगांचा खर्च वाढला, तेव्हा ड्यूररने २०० मागितले आणि दोघांची जुंपली. ड्यूररने त्याला लिहिलेली पत्रं आजही वाचायला मिळतात. रंगाचे थर किती दिले, वेळ किती गेला, असली बारीक चित्रं या दरात कुणाला परवडणार, असा सगळा पाढा त्यात आहे. १५०९ च्या एका पत्रात तर तो वैतागून म्हणतो की यापुढे मी आपला छापचित्रांसाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरण्याचंच काम करीन, आधीपासून तेच केलं असतं तर आज हजार फ्लोरिनांनी श्रीमंत असतो. शेवटी त्याला २०० मिळाले. ते मुख्य चित्र पुढे १७२९ साली म्युनिकच्या राजवाड्याला लागलेल्या आगीत जळालं, दराची घासाघीस मात्र शिल्लक राहिली. आणखी एक, ड्यूररची छापचित्रं विकायला त्याची बायको आग्नेस जत्रांमध्ये जायची. म्हणजे ड्यूररकडेही विक्रीचं खातं होतं. फक्त चित्राखालच्या सहीत त्या खात्याचं नाव नसायचं.

आता तुझ्या दराकडे येऊ. माझ्या मते सगळ्यात आधी हात घालायला हवा तो इथे. स्वतःच्या पुस्तकाला वेळ का मिळत नाही, याचं निम्मं उत्तर दरात आहे.

बहुतेक जण काय करतात? महिन्याला किती पैसे लागतात ते धरतात, त्याला कामाच्या तासांनी भागतात आणि तोच आपला दर म्हणतात. आठवड्याचे ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे २०८० तास. कागदावर छान दिसतं. पण ५२ आठवडे काम कुणीच करत नाही. आजारपण, सुट्ट्या, कामच नसलेले आठवडे वजा केलेस तर ४४ उरतील. त्या ४० तासांतही ज्याचं थेट बिल लावता येईल असे तास निम्मे धर, म्हणजे २०. तुझ्या कालच्या दिवसाकडे बघता मी हे उदार मनाने धरते आहे. ४४ गुणिले २० म्हणजे ८८० तास. वर्षाचं घर, कर, रंग-कागद-कॉम्प्युटर, औषधपाणी आणि अडीअडचणीसाठी बाजूला टाकायची रक्कम, हे सगळं त्या ८८० तासांतून निघायला हवं. २०८० ने भागून काढलेल्या दरापेक्षा हा दर सव्वादोन पटीहून जास्त येतो. तुझा आत्ताचा दर मला माहीत नाही. पण बारा तास बसूनही पुढच्या महिन्याची धास्ती उरत असेल, तर तो २०८० च्या जवळपासचा असणार, अशी माझी पैज आहे.

उद्या सकाळी सगळ्या ग्राहकांना सव्वादोन पट दर सांग, असं मी म्हणत नाही. नव्या ग्राहकाला नवा दर सांग, जुन्यांना पुढच्या कामापासून थोडा थोडा वाढवून सांग. काही जण जातील. जाणारा बहुधा तोच असतो ज्याचे ‘थोडेसे बदल’ सगळ्यात जास्त असतात. यामागचं शास्त्र मला ठाऊक नाही, पण कितीदा पाहिलंय.

आता या ‘थोडासा बदल’कडे जरा जवळून बघू, कारण तुझे तास तिथे गळताहेत. समज, चित्र रंगवून पूर्ण झालंय आणि निरोप येतो, “फक्त मुलीचा हात जरा वर करता येईल का?” हात वर केला की बाहीच्या चुण्या बदलतात. खांदा किंचित उचलला जातो, म्हणून मानेची रेघ बदलते. हाताची सावली आधी फ्रॉकवर पडत होती, ती आता मागच्या भिंतीवर जायला हवी. हाताखाली झाकलेला भिंतीचा तुकडा तू रंगवलेलाच नसतो, तो आता रंगवायचा आणि आजूबाजूच्या रंगाशी जुळवायचा. सांगणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, आणि त्याला दिसावं ही अपेक्षाही रास्त नाही. त्याला दाखवणं हे तुझं काम. म्हणून कोटेशनमध्येच लिही: पेन्सिलीच्या कच्च्या रेखाटनात दोनदा बदल दरात धरलेले आहेत, कच्च्याला लेखी होकार मिळाल्यावरच रंग, आणि रंगानंतरच्या प्रत्येक बदलाचं बिल वेगळं. कच्च्या रेखाटनात हात वर करायला पाच मिनिटं लागतात. हे वाक्यही ग्राहकाला खुशाल सांग. बहुतेकांना ते पटतं, कारण आजवर कुणी सांगितलेलंच नसतं.

पैशांचे तीन भाग कर: सुरुवातीला, कच्चं मंजूर झाल्यावर, आणि छपाईची मोठी फाईल देण्याआधी. तिसरा भाग आल्याशिवाय मोठी फाईल हातातून सोडायची नाही. दोन महिने थकलेल्या बिलासाठी जो चौथा निरोप जाईल, त्यात “जमल्यास”, “त्रास देतेय, क्षमस्व” असलं काही नको. बिलाचा क्रमांक, रक्कम, ते कधी देय होतं ती तारीख, आणि नवी तारीख. बस. भीडभाड माणसांशी ठेवावी, बिलाशी नाही.

आणि ही सगळी कामं दिवसभर विखरू देऊ नकोस. निरोप आला की उत्तर, फोन वाजला की फाईल, असं केलंस तर दिवस कापूस पिंजल्यासारखा होतो. त्यांना ठरलेली वेळ दे. दुपारनंतरचे दोन तास म्हण. बिलं आणि हिशेब आठवड्यातून एकदा, एका बैठकीत. त्या वेळात ती कामं मनापासून कर, चित्र सोडून हे काय करत बसले असं म्हणत कुढू नकोस. ग्राहकांना हळूहळू सवय होते. तासाभरात उत्तर नाही आलं म्हणून मुलांच्या पुस्तकाचं आभाळ कोसळत नाही.

यातून सकाळ मोकळी होईल. ती तुझ्या पुस्तकाला.

सकाळीच का? रात्री तू दुसऱ्यांच्या मतांनी भरून गेलेली असतेस. दिवसभर कुणाला तरी पसंत पडेल असं चित्र काढायचं आणि रात्री अचानक स्वतःला काय हवंय ते ऐकू यावं, अशी अपेक्षा करायची, हा स्वतःवर अन्याय आहे. सकाळी फोन उघडण्याआधी एक तास, आठवड्यातून पाच दिवस. दोन तास ठरवू नकोस, ते पहिल्याच आठवड्यात मोडतील.

अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार ब्रिटिश पोस्ट खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलापाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. कादंबरी संपली आणि वेळ उरला तर तिथेच दुसरी सुरू. अशा ४७ कादंबऱ्या त्याने लिहिल्या. १८८३ साली, तो गेल्यावर, त्याचं आत्मचरित्र आलं आणि हे सगळं त्यात निघालं, तेव्हा बऱ्याच रसिकांची निराशा झाली. कादंबरी म्हणजे काय कारकुनी आहे, असं त्यांना वाटलं. मला हा माणूस आदर्श वगैरे वाटत नाही, खरं तर थोडी धडकीच भरते. पण त्याची एक गोष्ट मला फार आवडते. त्याला पहाटे उठवायला आणि कॉफी आणून द्यायला एक म्हातारा नोकर होता, त्याचे तो वर्षाला पाच पौंड जास्तीचे द्यायचा. आपल्या यशात इतर कुणाहीपेक्षा या माणसाचा वाटा मोठा असेल, असं त्याने लिहून ठेवलंय. शिस्तीची मोठमोठी उदाहरणं वाचताना मी नेहमी शोधते, कॉफी कोण आणत होतं? बायकांनी तर हे शोधलंच पाहिजे. तुला उठवायला कुणी नाही, उलट तूच बाकीच्यांना उठवत असशील. म्हणून साडेपाचचा आग्रह मी धरणार नाही. तुझ्या घरात जो तास तुझ्या नावावर लिहून घेता येईल, तो घे.

इथे नवऱ्याचा विषय येतो. आवडीच्या कामानेही माणूस दमतं, एवढं त्याला कळत असेल, पण तुझे साडेदहा तास त्याला दिसलेले नाहीत. तू घरी असतेस, रंगात हात असतो, म्हणजे मजेत आहेस असा त्याचा समज. भांडू नकोस. मला पाठवलास तो कालच्या दिवसाचा हिशेब त्याच्यापुढे ठेव आणि एक ठोस गोष्ट माग. थकलेल्या बिलांचा पाठपुरावा आठवड्यातून एक संध्याकाळ त्याने करावा. तुझ्यासारखी त्याला भीड वाटणार नाही, कारण ते चित्र त्याने काढलेलं नाही. आणि तो सकाळचा तास त्या घरात फक्त तुझा, त्या तासात दारावरची बेल आणि हरवलेल्या चाव्या हे दोन्ही विषय त्याचे. आग्नेसचं काम करायला तयार आहेस का, असं विचारून बघ. गोष्ट सांगावी लागेल, पण सांग.

मूडबद्दल थोडक्यात. गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक, अशा क्रमाने ५६ गीतांचं झालं. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, ठरल्या दिवशी ते प्रक्षेपित व्हायचं. आठवड्याचा दिवस काही कुणाचा मूड विचारत नाही. त्या दोघांची बरोबरी आपण करू नये, पण त्या वेळापत्रकामुळे गाणी उणी पडली असं आजवर एकाही मराठी माणसाकडून मी ऐकलेलं नाही. मूड येतो, पण बहुधा बसल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी येतो, आणि तोवर आपण उठून गेलेलो असतो. त्यासाठी एक करून बघ. उठताना चित्र सोयीच्या ठिकाणी थांबवू नकोस. खिडकीच्या चार गजांपैकी दोन काढून झाले की उठ. दुसऱ्या दिवशी कुठून सुरुवात करायची याचा विचारच करावा लागत नाही, तिसरा गज काढायचा असतो. कागद चिकटवलेला, पेन्सिली टोक केलेल्या, हे आदल्या संध्याकाळी. सकाळच्या तासातली दहा मिनिटं खोडरबर शोधण्यात गेली की उरलेली पन्नासही जातात.

आता नववं पान. याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण मी त्यावर बराच विचार केला, कारण हा माझ्या धंद्याचा विषय.

चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण १६ पानांचे दोन फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं म्हणजे एक फर्मा) छापायला आणि घडी घालायला सोयीचे पडतात. शीर्षकाचं पान, श्रेयनामावली वगैरे गेलं की समोरासमोरची दोन पानं मिळून एक चित्र या हिशेबाने साधारण १४ चित्रं उरतात. पुस्तकात विषम आकड्याची पानं उजवीकडे येतात. म्हणजे नववं पान उजवीकडचं, त्यानंतर वाचक पान उलटतो. शब्द असलेल्या पुस्तकात अर्धवट सोडलेलं वाक्यही पान उलटायला लावतं. तुझ्याकडे शब्द नाहीत. त्या पानावर मुलगी कुठेतरी बघते आहे का, दार अर्धं उघडं आहे का, चित्राच्या उजव्या कडेने काहीतरी आत येतंय का? कशाने तरी बोटांना कागद उलटावासा वाटला पाहिजे. माझा अंदाज असा की तुला नवव्या पानावर काय काढायचं ते माहीत आहे, दहाव्यावर काय हे माहीत नाही, म्हणून नववं जमत नाही. तेव्हा क्रमाने जाणं सोडून दे. एका मोठ्या कागदावर ३२ चौकटी आख, प्रत्येक अंगठ्याच्या नखाएवढी, आणि आधी शेवटची चार पानं भर. रेघोट्या चालतील. एवढ्या लहान चौकटीत देखणं चित्र काढताच येत नाही, त्यामुळे गोष्टीकडेच बघावं लागतं. शेवट सापडला की मधल्या पानांना कुठे पोचायचंय ते कळतं.

तासांचं गणितही करून ठेवते. एका चित्राला कच्चं धरून ३ तास आणि पक्कं नि रंग मिळून १२, असे १५ धरले, तर १४ चित्रांचे २१० तास. आठवड्याला ५ तास म्हणजे ४२ आठवडे. तुझा हात माझ्या अंदाजापेक्षा हळू असेल तर ६०. गेलं दीड वर्ष म्हणजे ७८ आठवडे होते. हे टोचायला सांगत नाही. दीड वर्षात तू मोठ्या मोकळ्या वेळेची वाट बघितलीस, आणि पुस्तकाला लागणारा वेळ मुळात तेवढा मोठा नव्हताच, इतकंच.

(मनगट किंवा अंगठा दुखत असेल तर पत्रात लिहिलं नाहीस म्हणून ते खरं नाही असं होत नाही. बारा तास बसणाऱ्यांचं दुखतंच. डॉक्टरला दाखव, सहन करू नकोस. हात एकच जोडी आहे.)

राहिली नोकरी. हरल्यासारखं वाटेल म्हणतेस. कुणाशी हरलीस?

फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकाराचा पहिला गाजलेला ऑपेरा १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये झाला. तो तेव्हा ३९ वर्षांचा होता. त्यानंतरही तो टॅक्सी चालवत होता. त्याआधी प्लंबिंगची कामं करायचा. एकदा तो एका घरी डिशवॉशर बसवत होता, ते घर निघालं रॉबर्ट ह्यूज या नामवंत कलासमीक्षकाचं. समीक्षक चक्रावला, तुम्ही तर कलावंत आहात, म्हणाला. ग्लासने सांगितलं, आहे, पण कधीकधी प्लंबरही असतो, आणि आता मला माझं काम संपवू दे. पूर्णवेळ संगीतावर त्याचं भागू लागलं तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. टॅक्सीने त्याचं संगीत अडवलं नाही. अडवलं असतं तर ते पैशांच्या काळजीने, आणि ती काळजी टॅक्सी निस्तरत होती.

म्हणून माझं मत विचारशील तर नोकरी घे. एक वर्षासाठी घे, आणि वर्षाने पुन्हा विचार कर. तीन दिवसांचा पगार ठरलेला असला की तुला सगळ्यात मोठी गोष्ट मिळेल, नाही म्हणण्याची सोय. त्या बळावर सगळ्यात त्रासाचे दोन-तीन ग्राहक सोडून दे, नाहीतर आठवडा सात दिवसांचाच राहील आणि काम दहा दिवसांचं होईल. नोकरी घेऊन एकही ग्राहक सोडणार नसशील तर मात्र घेऊ नकोस, हे स्पष्ट सांगते. त्या परिस्थितीत तुझं पुस्तक आणखी दोन वर्षं नवव्या पानावर राहील आणि तू खरंच आजारी पडशील.

होकार देण्याआधी दोन गोष्टी विचारून घे. पहिली, तिथे काम नेमकं काय आहे. दुसऱ्या चित्रकारांकडून कामं करून घेणं, मांडणी तपासणं, छपाईवर लक्ष ठेवणं असं असेल तर उत्तम. दिवसभर त्यांच्यासाठी चित्रंच काढायची असतील तर सकाळच्या तासाला हात शिणलेला आणि डोकं रिकामं मिळेल, तेव्हा पुन्हा विचार कर. ग्लासला टॅक्सीत बसून चाली बांधायच्या नव्हत्या, हा त्या नोकरीचा मोठाच गुण होता.

दुसरी गोष्ट हक्कांची. बर्न करार, म्हणजे लेखक-कलावंतांच्या हक्कांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, मानणाऱ्या देशांमध्ये चित्र काढलं की कुठेही नोंदणी न करता त्यावर चित्रकाराचा हक्क निर्माण होतो. नोकरीत मात्र गणित बदलू शकतं. नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम अनेक देशांत मालकाचं धरलं जातं, आणि काही करारांमध्ये तर नोकरीच्या काळात केलेलं कुठलंही काम संस्थेचं, अशी लांबलचक ओळ असते. प्रकाशनसंस्थाच असल्यामुळे इथे ती असण्याची शक्यता जास्त. दीपगृहाच्या पुस्तकाचं नाव घेऊन, ते नोकरीआधीपासून चालू आहे, घरी, स्वतःच्या वेळात आणि स्वतःच्या साहित्याने होतं आणि त्यावर संस्थेचा हक्क नाही, असं करारात घालून घे. सोबत आत्तापर्यंतच्या नऊ पानांच्या, तारीख घातलेल्या प्रती जोड. ते “अहो, तसं काही नसतं, विश्वास ठेवा” म्हणाले तर हसून म्हण, तसं नसेल तर लिहायला काय हरकत आहे. लिहून द्यायला तयार नसतील, तर मला सही करण्याआधी कळव.